पूल चढून

टॅक्सीच्या बॅजसाठी जे जे लागायचं, ते सगळं माझ्या थोरल्या भावाने माझ्याआधी जमवलं होतं. लायसन, मुंबईत पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला, डॉक्टरचा कागद, चौकीची चिठ्ठी. संपात त्याची गिरणी गेली आणि पुढची दोन वर्षं तो विक्रोळी ते घाटकोपर पायी अगरबत्त्या विकत फिरला. घरात वहिनी आणि दोन पोरी. बॅज मिळाला की चाळीतला एक टॅक्सीमालक त्याला गाडी देणार होता. मला गाडी दादानेच शिकवली. रस्तेही त्यानेच पाठ करून घेतले, चुकलो की टपली मारून. त्या टपल्यांचा मला भयंकर राग होता.

राहिली होती तोंडी परीक्षा. दोघं एकाच दिवशी गेलो. वीसेक जण ओळीत उभे होते. साहेबांनी दादाला विचारलं, "घाटकोपर ईस्टचा पॅसेंजर आहे, स्टेशनपलीकडे वेस्टला जायचंय. कसा नेशील?"

दादा ताठ उभा राहून म्हणाला, "स्टेशनचा पूल चढून, साहेब."

"टॅक्सी घेऊन?"

दोन वर्षं खांद्याला पिशवी लावून तो त्याच पुलावरून गेला होता. घाबरल्यावर तेच तोंडात आलं. साहेब हसलेही नव्हते. पहिला हसलो मी. मग सगळी ओळ हसली, आणि दादाला पुढचा एकही प्रश्न धड ऐकू आला नाही.

नंतर माझा नंबर. साहेबांनी तोच प्रश्न विचारला. "हायवेने विक्रोळी, रेल्वेचं फाटक ओलांडून परत खाली घाटकोपर वेस्ट," मी घडाघडा म्हटलं. दादानेच घोटून घेतलेलं उत्तर होतं ते. मी पास झालो. मालकाची गाडीही मलाच मिळाली.

चाळीत तो किस्सा मी महिनाभर सांगितला, दादासारखा ताठ उभा राहून. एकदा वहिनी ऐकता ऐकता उठून आत गेली. मला तेव्हा मजा वाटली, याची आज लिहिताना लाज वाटते.

काही महिन्यांनी दादाने परीक्षेचा पुन्हा फॉर्म भरला. सकाळी मी गाडी पुसत होतो, तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाला, "माझ्यावांगडा येतंस काय रे? जरा धीर येतलो."

"माझा धंदा बुडेल," मी म्हटलं. "एकटाच जा. पूल चढून जा."

त्याने फॉर्मची घडी करून खिशात घातली. माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि मागची काच पुसायला लागला. पुढे अकरा वर्षं ती गाडी रोज सकाळी तोच पुसायचा.