हैदरभाईंचं पान आणि चितेगावची काळी

बद्रीनाथ मामांचा मत्सर मोठ्या गोष्टींवर कधी बसला नाही. अव्वल तालुकदारांच्या, म्हणजे कलेक्टरच्या, कचेरीत त्यांच्या मागून लागलेला माणूस बढती मिळून पेशकार झाला, तेव्हा मामांनीच त्याला हार घातला. समोरच्या घरी घोडा आला, तर मामा त्याच्यासाठी हरभरे घेऊन गेले. पण बेगमपुऱ्यातल्या आमच्या अंगणाला लागून एक बुटकी भिंत होती, भिंतीपलीकडे हैदरभाईंची ओसरी होती, आणि ओसरीवर तडकलेल्या कुंडीत एक नागवेल होती. तिच्यापुढे मामांचा सगळा दिलदारपणा संपत असे.

हैदरभाई हिमरूचं कापड विणायचे. त्यांची बायको, राहतभाबी, दुपारी चार पानं खुडून भिंतीवरून आशामामीच्या हाती देत. जेवणं झाली की मामी विडा लावून मामांपुढे धरी. मामा तो तोंडात घालून डोळे मिटत, आणि चव पुरती उतरली की म्हणत, "शिरा लई जाड आहेत."

"मग थुका," मामी म्हणे.

मामा थुंकत नसत.

खरं दुखणं त्यानंतर सुरू होई. मामी स्वतःचा विडा चघळत म्हणे, "काय पान आहे हैदरभाईंचं. लोण्यावाणी विरतं." इतक्या वर्षांच्या संसारात मामांच्या कुठल्याही गोष्टीला लोण्याची उपमा मिळालेली नव्हती. आपल्या घरच्या वेलीचं पान मामीनं खावं आणि हेच शब्द आपल्याकडे बघून म्हणावेत, एवढी एकच इच्छा त्या माणसाला उरली होती.

म्हणून मामा पैठणला गेले आणि मामीच्या भावाच्या पानमळ्यातून ओल्या फडक्यात वेलीची कांडी घेऊन आले. माती मात्र त्यांनी खास चितेगावहून बैलगाडीतून मागवली. चितेगाव हे मामांचं गाव. तिथली जमीन काळी, कापूस पिकवणारी, पावसात पायातली वहाण ओढून घेणारी. भावांनी ती कसायची आणि मामांनी औरंगाबादेत बसून तिच्याबद्दल बोलायचं, अशी घरात वाटणी झालेली होती. मामा आपला वाटा मन लावून करत.

"निम्मा विटांचा चुरा घाला त्यात," मामी म्हणाली. "कुंडीत काळी घट्ट बसते."

"आशे, काळ्या मातीत माझा जन्म गेला. मला माती शिकवू नको."

जन्म कचेरीत गेला होता. पण मी पैठणच्या शाळेतून सातवी होऊन त्यांच्याच घरी राहत होतो आणि त्यांच्याच शब्दावर कचेरीत नकलनवीस लागलो होतो, तेव्हा मी गाडीतली माती उतरवून घेतली.

पहिल्या कांडीला मामांनी बरणीत लोणचं दाबावं तशी माती दाबली. पाणी घातलं की वर तळं साचायचं. कांडी उपटून पाहिली तेव्हा मुळं तपकिरी झाली होती आणि वास येत होता. दुसऱ्या कांडीला त्यांनी पाणी तोडलं. कचेरीतल्या खुर्दाद महिन्यात, म्हणजे आपल्या चैत्रात, काळीला अशा भेगा पडल्या की बोट आत जाईल, आणि त्या भेगांनी मुळं तोडून टाकली. तिसरीला ओलं शेण, गुळाचं पाणी, आंबट ताक असा पाहुणचार झाला. कुंडीत मुंग्यांनी संसार थाटला. वेलीनं काही थाटला नाही.

"क्या बद्रीभाई, बेल जमी क्या?" हैदरभाई भिंतीवरून विचारत.

"जमतेय."

"हमारी तो फैलतीच जारी. काटना पडता."

त्या 'काटना पडता'नं मामांचं रात्रीचं जेवण गेलं.

ईदला आम्ही शीरखुर्म्याला गेलो. मामा मुद्दाम कुंडीला टेकून बसले. उठताना त्यांच्या कोटाचा खिसा फुगलेला होता. घरी येऊन त्यांनी तो पत्रावळीवर उलटा केला आणि कचेरीतला मुद्देमाल तपासावा तसे आम्ही दोघं वाकलो. शेळीच्या वाळलेल्या लेंड्या, विटांचे खडे, कोळशाचे तुकडे, अर्धवट कुजलेला पाला. चिकट माती जवळजवळ नव्हतीच.

"ही काय माती आहे?" मामा म्हणाले. "हा तर केर आहे."

मग त्या केरात काहीतरी चमकलं. हिरव्या काचेचा तुकडा, त्यावर पिवळे ठिपके. तसल्या बांगड्या मामीचा भाऊ तिला दर दिवाळीला भरायचा. मामांनी तो तुकडा तळहातावर घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. आतापर्यंत त्यांचा मत्सर नुसत्या पानावर होता. आता त्याला माणूस मिळाला.

ते तसेच चुलीपाशी गेले. "आशे, ही काच कुणाची?"

मामीनं भाकरी थापता थापता पाहिलं. "माझी. कालवताना बांगडी वाढली होती."

"काय कालवताना?"

"राहतची माती. दोन पावसाळे झाले असतील. तिची वेल सडत होती, तिनं भिंतीवरून विचारलं. मी जाऊन कालवून दिली. माझं माहेर पानमळ्याचं आहे, आठवतंय ना? कांडी तिथूनच आणलीत. माझ्या भावाला तरी विचारायचं होतं."

"म्हणजे इतके दिवस मी तुझ्याच हातचं पान खात होतो?"

"खात होता आन् शिरा जाड म्हणत होता."

"मग मला का नाय सांगितलं?"

"सांगितलं की. तुमचा जन्म काळ्या मातीत गेला होता."

मला वाटलं, मामांचा जीव आता भांड्यात पडेल. पण ते ओट्यावर येऊन बसले ते जास्तच जळत.

"बन्सी, हैदरचं पान चांगलं होतं तोवर ठीक होतं रे. हिनं तिकडं हात घातला, इकडं नाय घातला."

"मग मामा, आता जळायचं कुणावर? राहतभाबींवर?"

"तिच्यावर कशाला? त्या केरावर."

सकाळी त्यांनी कुंडी ओढत मामीपुढे आणली. "आपली पण कालव."

"आधी ती काळी ओता."

मामांनी ओतली. चितेगाव लिंबाच्या बुंध्याशी ढेकळं होऊन पडलं. मामीनं कडूबा धनगराकडच्या जुन्या लेंड्या कुटल्या, विटा फोडून चाळल्या आणि पिठी फेकून खडे ठेवले. त्यात कोळसा आणि कुजका पाला मिसळला. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा उपडा ठेवला. मूठ आवळून सोडली की कालवण आपोआप सुटलं पाहिजे, असं ती करून दाखवत होती. मामा सवयीनं दाबायला गेले.

"दाबू नका. मुळाला श्वास घ्यायचा असतो."

शेवटी तिनं लिंबाखालच्या ढिगाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि दोन ओंजळी काळी उचलून त्यात घातली. "ओल धरायला थोडी लागते," ती म्हणाली. मामा दुसरीकडे बघू लागले. पण कान लाल झालेले मला दिसले.

पावसाळ्यात पैठणहून आणलेल्या नव्या कांडीची वेल पांगाऱ्याच्या काठीवर चढली. पहिलं पान देवाला गेलं. दुसरं मामीनं भिंतीवरून राहतभाबींना दिलं, तेव्हा मामा अंगणात येरझाऱ्या घालत होते.

"दुसरं पान घरच्या माणसाला नसतं व्हय?"

"असतं की. तिसरं."

तिसऱ्याचे तिनं दोन विडे केले. मामांनी आपला हातातच धरला आणि मामीच्या तोंडाकडे बघत बसले. मामी निवांत चघळत होती.

"कसं आहे?"

"तिखट आहे थोडं. राहतच्यावाणी विरत नाय." तिनं आणखी जरा चघळलं. "तुमच्या काळीचा गुण असंल."

लोणी आलंच नाही. मामांनी ते वाक्य मनात उलटंसुलटं करून पाहिलं, विडा तोंडात घातला, आणि उठून भिंतीपाशी गेले.

"हैदरभाई," ते भरल्या तोंडानं म्हणाले, "तुमचं पान मऊ आहे, लहान पोरांना ठीक आहे. तिखट खायचं असेल तर इकडं या."