खोट्याला गिऱ्हाईक लागतं

"खोटा हाय," भावजी म्हणाले.

हातात माईक आहे हे ते विसरले होते, म्हणून पटांगणात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. समोर गौराक्का ताट धरून उभी होती. ताटात हळदीकुंकू लावलेला लाल तारा. तिच्या वडिलांना रशियानं दिलेला. वडील मोठ्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत लॉरीवर होते, इराणातून रशियाकडं माल पोचवायचे, असं दुधनीच्या पुढचं ते गाव ऐकत आलं होतं. त्यांचं नाव शाळेच्या नव्या खोलीला द्यायचं ठरलं होतं. फरशी कोरून झाली होती, तिच्यावर पडदा लावला होता, पेढे आले होते. भावजींनी फक्त भिंगातून बघायचं आणि "खरा" म्हणायचं बाकी होतं.

मागून कोणीतरी हसलं. "मी म्हनत न्हवतो? क्लीनर हुता त्यो. क्लीनरला रशियाचं सरकार बिल्ला देतंय व्हय!"

 गौराक्कानं एवढंच विचारलं, "मग माझा अप्पा खोटा?"

मी बायकांत बसले होते. उठून भावजींना दोन थोबाडीत द्याव्या असं मला वाटलं. दिल्या नाहीत, कारण त्यांनी त्यानंतरही "खोटाच" म्हटलं असतं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. गल्लीत त्यांना बिल्लेवाले म्हणत. फौजेत ते रणगाडे दुरुस्त करायचे. रणगाडे रशियाचे, म्हणून शिकायला त्यांना तिकडं पाठवलं होतं. ते राज्य तेव्हा मोडायच्या बेतात होतं. लोक थंडीत रस्त्यावर चादरी पसरून घरातल्या वस्तू विकायला बसत, त्यात लढाईत मिळवलेले बिल्लेही असत. भावजींनी एका म्हाताऱ्याला आपली सोलापुरी चादर दिली आणि त्याच्याकडून एक बिल्ला घेतला. महिनाभर तो उशाशी घेऊन झोपले. मग कळलं, तो नकली आहे. दुसरा असता तर त्यानं फेकून दिला असता. भावजींनी तो डब्यात सगळ्यांत वर ठेवला. "चादर खरी, बिल्ला खोटा," म्हणायचे. "हे माझे मास्तर. त्या म्हाताऱ्याला ऊब तरी मिळाली असंल."

तिथून त्यांना हा नाद लागला. पेन्शन घेऊन सोलापुरात आल्यावर आमच्याच पुढच्या खोलीत राहिले. लग्न केलं नाही. आमचे हे म्हणायचे, "हा भिंग घेऊन मुलगी बघायला जाईल आणि मुलीच्या बापाचा मार खाऊन येईल."

माझ्या शिवणाच्या डब्यातल्या सुया त्यांनी किती नेल्या याला हिशेब नाही. खऱ्या बिल्ल्यावरचा लाल रंग म्हणजे भाजून बसवलेली काच असते. तिला सुईचं टोक लागत नाही. खोट्यावर नुसता रंग असतो, त्यात सुई रुतते. मी म्हणायचे, "माझी सुई बोथट झाली, आता फाटकं कशानं शिवू?" ते म्हणायचे, "वहिनी, एक खोटा कमी झाला की."

एकदा मी चूल सारवत होते, तर येऊन विचारतात, "वहिनी, जोडवं कुटं झिजतं?"

म्हटलं, "खालून. जमीन घासते तिथं."

"बास. बिल्ला पण तसाच. अंगावर घातलेला बिल्ला उंच जागी झिजतो, खाचंत झिजत न्हाय. बिल्ल्यावर शिपाई कोरलेला असला तर त्याचं नाक आधी जातं. खोटं करणारा सगळीकडं सारखं घासतो. त्याला घाई असती."

पुढं मी भाजीवाल्याची वजनंही उलटी करून बघायला लागले.

खऱ्याच्या पाठीवरचा आकडा हातानं कोरलेला असतो, जरा तिरका, माणसाच्या सहीसारखा. काही खोटे लोक खऱ्यावरून साचा घेऊन ओततात. मग आकडाही ओतीव येतो, वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखा बोथट. आणि ओतलेली वस्तू थंड झाली की आकसते. "म्हणून लेकरू आईपेक्षा बारीक भरतं," भावजी सांगायचे. हे सगळं मी ऐकावं अशी माझी इच्छा नसायची, पण भाकरी थापणाऱ्या बाईला पळता येत नाही.

आमच्या शेजारचा मुलगा रशियाला डॉक्टरकी शिकायला गेला होता. सुट्टीत येताना एक भलामोठा पिवळाधमक बिल्ला घेऊन आला, पेटीसकट. भावजींनी पेटीसुद्धा नीट उघडली नाही. म्हणाले, "बाळा, ह्यो कितीला पडला ते आईला सांगू नको." पोरगा वर्षभर बोलला नाही. स्वतः भावजी मात्र स्वस्तातले, समारंभाला सगळ्यांना वाटलेले साधे बिल्ले घ्यायचे. मी विचारलं, असले कशाला? तर म्हणाले, "ह्याचं खोटं कोण करणार? खोट्याला गिऱ्हाईक लागतं. ज्याला कुणी विचारत न्हाय ते खरंच असतं."

खरं बोलायचीही एक रीत असते. भावजींना ती कधी आली नाही. मला तरी कुठं आली? म्हणून आमचं जमायचं.

गौराक्काच्या गावच्या सरपंचानं आधी फोनवर ताऱ्याचा फोटो पाठवला होता. भावजींनी कळवलं, "फोटोवरून जावई बी ठरवत न्हाय मी. हातात द्या." पण तारा गौराक्काच्या देवघरात बसवलेला. दसऱ्याशिवाय ती तो काढायची नाही. कार्यक्रमाच्या दिवशीच काढीन म्हणाली. भावजींनी दोनदा बजावलं होतं, "मी आलो तर दिसंल ते सांगणार." त्यांना वाटलं, पाहुणे बोलतात तसंच बोलतोय.

तर तो दिवस. पडदा तसाच राहिला. सरपंचानं काहीतरी बोलून चहा वाटायला लावला. गौराक्का रिकामं ताट घेऊन घरी गेली. तारा भावजींच्या हातातच राहिला होता. ते शाळेच्या पायरीवर बसून तो उलटासुलटा करत होते.

मी म्हटलं, "चला आता. अजून काय उरलंय?"

"वहिनी, आकडा बोथट हाय."

"असू दे."

"आकडा हाय म्हणजे ह्यो कुठल्या तरी खऱ्यावरनं ओतलाय. ह्याची आई कुटं हाय?"

आणि निघाले गौराक्काच्या घराकडं. ती उंबऱ्यातच बसली होती. म्हणाली, "आता काय ऱ्हायलं? घर बी खोटं हाय का बघायला आलास?"

"आक्का, तारा कुटं असायचा तेवढं दाखव."

ती उठेना. मग मी पाणी मागितलं. पाणी मागणाऱ्या बाईला कोणी नाही म्हणत नाही. ती आत गेली, तिच्यामागं मी, माझ्यामागं भावजी, चपला काढून.

देवघर लाकडी. पुढं खंडोबाचा टाक, महादेवाची पिंड. मागच्या पातळ फळीला भोक, त्यात ताऱ्याच्या पाठीचा पेच जायचा आणि पलीकडून चकती बसायची. अप्पांनीच केलेलं. देव न मानणाऱ्या राज्याचा तारा खंडोबाच्या डोक्यावर बसलेला, आणि दोघांनाही रोज कुंकू. निरांजनाच्या काजळीनं फळी काळीकुट्ट झाली होती. फक्त भोकाभोवती पाच टोकांची स्वच्छ जागा होती, नव्या लाकडासारखी.

भावजी गुडघ्यावर बसले. हातातला तारा भोकात घातला. तो त्या जागेवर पुरा बसला नाही. पाचही टोकांभोवती नखाच्या कडेएवढं गोरं लाकूड उघडं राहिलं. भावजींना भिंग काढायची गरज पडली नाही. मलाही दिसलं.

"आक्का," ते हळू म्हणाले, "ह्यो कुणाच्या हातात दिला हुतास?"

गौराक्का तांब्या घेऊन उभी होती. "एक मानूस आलता, आता लई दीस न्हाई झालं. गोड बोलनारा. जुन्या शिपायांची म्हायती गोळा करतो म्हनला. एका टोकाचा लाल टवका उडाला हुता, त्यो भरून आनतो म्हनला. आनून दिला बी की! नवा दिसत हुता. यव्वा, मी त्याला जेवू घातलं. पुरनपोळी!"

मग तिनं तांब्या खाली ठेवला आणि पहिल्यांदा रडली.

भावजींनी सरपंचाला बोलावलं, मागं हसलेल्या माणसालाही. सगळ्यांना चपला काढून एकेक करून आत घेतलं आणि फळी दाखवली. "बिल्ला खोटा हाय. पण काजळीला लबाडी कोण शिकवणार? इतकी काजळी धरायला वर्षानुवर्षं निरांजन लागतं. तेवढी वर्षं हितं मोठा तारा हुता. ह्यो त्याच्यावरनं ओतलाय."

हसणारा म्हणाला, "त्यो तरी खरा कशावरनं? बाजारातनं आनला असंल."

"तुझ्या आज्याच्या वक्ताला दुधनीच्या बाजारात रशियाचा बिल्ला कोण मागत हुतं? खोट्याला गिऱ्हाईक लागतं, बाबा. त्या काळात हितं ह्याला मूठभर जोंधळा बी कुणी दिला नसता. कोण कशाला खोटा करंल?"

दाराशी एक म्हातारा उभा होता, तो म्हणाला, "ल्हान असताना आरतीला उभं ऱ्हायलो की मी देव न्हाई, त्यो ताराच बघायचो."

सरपंच म्हणाला, चला, पडदा सारू. पण तोवर अर्धं गाव पेढे खाऊन पांगलं होतं. माईकवाला वायरी गुंडाळून गेला होता. पडदा सारला तेव्हा टाळ्या वाजवायला पंधरावीस माणसं. गौराक्का भावजींकडं वळली. "खोटा म्हनलास तवा माईक हुता. खरा म्हनताना कुटं गेला?"

भावजी तसेच गल्लीत शिरले.

जीपवाला ओरडत होता, उशीर होतोय म्हणून. ते ऐकेनात. पहिल्या घरापासून सुरुवात केली. दारात उभं राहायचं आणि रणगाड्यावरून ओरडावं तसं ओरडायचं, "बिल्ला खोटा, माणूस खरा! पाटील, ऐकलं का? बिल्ला खोटा, माणूस खरा!" कुत्री मागं लागली. पोरं मागं लागली. एका घरात बाई न्हात होती, तिनं आतून विचारलं, "कोन मेलं?" मी म्हटलं, "कोणी नाही, तुम्ही न्हा." असं सगळं गाव केलं. शेवटच्या घराला पोचलो तेव्हा भावजींचा आवाज बसला होता. म्हणून ते वाक्य तिथं मी म्हटलं.

तो नकली तारा गौराक्का विहिरीत टाकणार होती. भावजींनी मागून घेतला. "ह्याच्यावर खऱ्याचा आकडा हाय. खरा कुटं विकायला आला तर ह्याच्यावरनंच वळखू." डब्यात तो मास्तरांच्या शेजारी ठेवला. त्यानंतर रोज सकाळी चहाआधी फोनवर बिल्ले विकणाऱ्यांची पानं उघडून एकेकाची पाठ बघायचे. तसा तारा दिसला की मला हाक मारायचे, "वहिनी, आकडा वाचा, माझे डोळे फसवतील." मी चौथीपर्यंत शिकले, आकडे वाचता येतात. तो आकडा कधी आला नाही.

गेल्या पावसाळ्यात भावजी छातीच्या दुखण्यानं गेले. दवाखान्यात नर्सनं गळ्यातली पितळी साखळी काढून ठेवली आणि सोन्याची म्हणून मला दिली, तर डोळे मिटलेले असताना म्हणाले, "पितळ हाय." त्यांचं ते शेवटचं बोलणं.

तेराव्याला गौराक्का एसटीनं एकटी आली, काठी टेकत. जेवली नाही. विचारलं, "घावला का?"

म्हटलं, "नाही."

"मी रिकाम्या जागंलाच कुंकू लावते," ती म्हणाली. "काजळी आत आली की वल्या फडक्यानं पुसते. मिटू देत न्हाई."

डबा मी कोणाला दिला नाही. शेजारचा डॉक्टर मुलगा आता बोलतो. रविवारी फोन घेऊन येतो, मी ताऱ्यांच्या पाठी बघते. आकडा मला पाठ आहे.

भावजी गेले. गौराक्का आहे. मी आहे.