बोर्डावर लिहिलं होतं ‘तोडा’

आमच्या एमआयडीसीत रविवार गुरुवारी येतो. उरलेलं जग कामावर असताना आम्ही घरी लोळत असतो, त्यामुळे पाहुणे टपकत नाहीत ही एक सोय. मार्चमधल्या अशाच एका गुरुवारी सकाळी सातला चिखलीहून आमच्या सोसायटीची मिनीबस सुटली. माणसं अठरा, पिशव्या चाळीस. सहलीचं नाव ‘वसंतातली फुलशेती, गाइडसह’. मी मूळची लातूरची, दहा वर्षं महाळुंग्यातल्या एका कंपनीत माल तपासते. फुलं बघते ती खंडेनवमीला मशीनवर. नवऱ्याला, प्रकाशला, म्हटलं, चल, उगवतात कुठे ते तरी बघू.

गाइड बाळासाहेब हा पन्नाशीचा गडी. पांढरा कडक शर्ट, गळ्यात बोटभर जाड साखळी आणि बसमध्येसुद्धा गॉगल. चाकणच्या चौकात बस पाऊण तास जागची हलली नाही, तेव्हा त्याने माइक हातात घेतला. “ह्या कंपनीखाली आमची जवारी व्हती. त्या गोडाऊनखाली कांदा.”

“राव, फुलं दाखवा की,” प्रकाश ओरडला.

“फुलांचं एकच रान ऱ्हायलंय, वहिनीच्या हट्टापायी. माझं आन् तिचं सामाईक हाय. आज मार्केट यार्डातला व्यापारी माल बघाया येनार. त्यानं उचलला तर रान ऱ्हाईल. न्हाईतर वहिनी इक्रीच्या कागदावर सही करनार, आनि तिथं कंपनीची शेड हुनार.”

“आणि तुम्हाला काय पाहिजे, दादा?” मी विचारलं.

“मला काय, मी गाइड,” तो म्हणाला. गॉगलमुळे तोंडावरचं काही कळेना.

चाकणच्या पुढे फाट्यावरून आत वळलो, एका कारखान्याची निळी भिंत संपली आणि बसमधले सगळे एकदम खिडक्यांना चिकटले. ॲस्टर (इथे अष्टर म्हणतात) टेकडीच्या पायथ्यापर्यंत फुललेला! जांभळा, पांढरा, गुलाबी. आई शप्पथ, मला रडूच आलं. बाजूची बाई विचारू लागली, “काय झालं हो?” मी म्हटलं, धूळ गेली.

बाळासाहेब फोनवर बोलत मागे राहिला. शांताकाकू, म्हणजे त्याची वहिनी, घरात आमच्यासाठी पिठलं ढवळत होत्या. आम्ही थेट बांधावर. तिथे पत्र्याच्या तुकड्यावर खडूने लिहिलेलं: ‘तोडा – गुरुवार’.

आता बघा, कंपनीत आमचं सगळं आयुष्य बोर्डावर चालतं. ‘हातमोजे घाला.’ ‘मोजा.’ ‘सही करा.’ बोर्डावर आहे म्हणजे करायचं, प्रश्न विचारायचा नाही. आणि त्या दिवशी गुरुवारच होता. सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं ते मीच. “तोडा म्हणतायत, तोडा!”

अठरा जण वाफ्यांत घुसलो. देठबिठ कोण बघतंय? नुसती फुलं खुडली, केसांत, खिशांत, ओढणीत. प्रकाशने तर दोन्ही कानांवर लावली. तेवढ्यात काकू पळी घेऊन धावत आल्या.

“अगं बया! मुंडकी काय खुडताय? कुनी सांगितलं तुमाला?”

मी शहाणीने बोर्डाकडे बोट दाखवलं.

काकू मटकन बांधावर बसल्या. “तोडा म्हंजी काढनी गं बाई. आमी करनार व्हतो, आज. अष्टर देठासकट गड्डी बांधून जातो. नुसत्या मुंडक्याला कोन इचारतंय?” तीन वाफे बोडके झाले होते. व्यापारी चार वाजता येणार होता. “आता त्यो बघंल आन् माघारी जाईल,” त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली की माझा आवाज चढतो. “काकू, देठ किती पाहिजे ते दाखवा. बाकीच्यांनी कानांतली फुलं काढा आधी!”

त्यांनी एक फूल कापून दाखवलं, देठ हातभर. मग मी लाइनच लावली: कापणारे सहा, खालची पानं काढणारे सहा, बांधणारे पाच आणि तपासायला मी. बाळासाहेब फोन खिशात टाकून आला, कडक शर्टाच्या बाह्या सारल्या आणि कापू लागला. त्याचा हात आमच्या दुप्पट वेगाने चालत होता. देठ आखूड निघालं की मी गड्डी परत फेकायची. प्रकाश कुरकुरला, “अगं, सुट्टी आहे आज.” पिठलं गार झालं, भाकरी कडक झाली. तरी तशी चव मी आजवर चाखली नाही.

चारला व्यापारी आला. त्याने एक गड्डी सोडली. मग दुसरी, मग तळातली. मधल्या फुलांची देठं मोजल्यासारखी बघत राहिला. काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

“मधे बारका माल लपवला न्हाई?” त्याने विचारलं.

“दिसतोय का?” मी फणकारले.

“न्हाई, म्हनूनच इचारतोय.” त्याने सगळा माल टेम्पोत चढवला. “काकू, हंगामभर दर तोड्याला गाडी धाडतो.”

काकू हसल्या, रडल्या आणि मला एक धपाटाही घातला. खुडलेल्या मुंडक्यांच्या माळा करून बसला घालायला लावल्या. त्यामुळे परतताना चाकणमध्ये तीन रिक्षावाल्यांनी विचारलं, नवरदेव कुठाय? प्रकाशने खिडकीतून हात हलवला, निर्लज्जपणे.

फुलं बघायला म्हणून गेले आणि ती काढायला काय कष्ट पडतात ते अंगावर घेऊन आले. कंबर दोन दिवस सांगत होती. सहल म्हणून ती फसलीच. पण इतकी खूश मी बोनसच्या दिवशीही नसते.

बस मोशीजवळ आली तेव्हा पुढच्या सीटवर बाळासाहेबाचा फोन वाजला. पलीकडचा माणूस ‘सह्या कधी?’ असं मोठ्याने विचारत होता, जमिनीचा दलाल असावा.

“न्हाई. वहिनी सही करत न्हाई,” तो म्हणाला. मग थांबून गॉगल काढला. “आनि माझीबी मिळायची न्हाई.”