दोन बकलांची गोगलगाय

कवळ्या बनवणाऱ्या बाईला जगाविषयी काय वाटतं, हे विचारावं लागत नाही. ती आपण होऊन सांगते. दुकानदार भामटे, खेळण्यांची कंपनी त्या भामट्यांची आई, आणि सिनेमातली खेळणी जमवत फिरणारी मोठी माणसं म्हणजे वाया गेलेली कार्टी. आपणही आठ वर्षं तेच करतोय, हे मात्र ती मोजत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघायला तिची नजर चांगली तयार आहे, कारण दिवसभर ती भिंगाखाली दातच बघत असते.

दवाखान्यांच्या गल्लीत वरच्या मजल्यावर तिची खोली. खिडकीत प्लास्टरचे जबडे रांगेनं वाळत ठेवलेले, टेबलावर मेणाचे तुकडे, आणि बाईच्या केसांवर बारा महिने पांढरी भुकटी. काम मात्र असं की दातांचे डॉक्टर आपल्या आईची कवळी तिच्याकडे पाठवतात. दुसऱ्या कुणाची कवळी दुरुस्तीला आली की ती नुसती उलटी करून सांगते, "ही चौकातल्या माणसानं केलीय. त्याला घरी जायची घाई असते." कुणाचा हात कुठे थांबतो, कुठे घसरतो, हे तिला कळतं. एवढी गोष्ट तिला खरोखर येते आणि त्यात तिला कुणी फसवू शकत नाही.

खेळण्यांचं खूळ शिरलं ते बहिणीच्या मुलीमुळे. तिला घेऊन ही कार्टूनचा सिनेमा बघायला गेली. विहिरीत बेडकांची टपालकचेरी असते, असली काहीतरी गोष्ट. भाची पहिल्या अर्ध्या तासात झोपली. मावशी मात्र टक्क जागी. शेवटाकडे एक गोगलगाय येते, जेमतेम दीड मिनिट. तिच्याकडे एक पत्र असतं, आणि ते पोचतं तेव्हा लिहिणारा आणि ज्याला लिहिलं तो, दोघंही म्हातारे झालेले असतात. गोगलगाय फक्त म्हणते, "उशीर झाला." चव्वेचाळीस वर्षांची बाई अंधारात पदराला डोळे पुसत बसली. याचं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला म्हणाली, डोळ्यात काहीतरी गेलं.

कंपनीनं त्या सिनेमाची नऊ खेळणी काढली. पोस्टमास्तर बेडूक हवा तेवढा घ्या. शिक्के मारणारं कासवही घ्या, ढिगानं पडलंय. पण गोगलगाय चोवीस खेळण्यांच्या पेटीत एक, आणि तीही प्रत्येक पेटीत नाही. कंपनीला गोगलगाय बनवता येत नव्हती असं थोडंच आहे? बेडूक ओतणाऱ्या यंत्रातून गोगलगायही ओतता येते. पण सगळ्यांना सगळं मिळालं तर लोक गप घरी बसतील, ही अक्कल कंपनीला होती. एका गोगलगायीपायी दुकानदाराची मर्जी राखायला एकेकानं अकरा अकरा बेडूक घेतले.

बाईनं आठ खेळणी चार महिन्यांत जमवली. नवव्याला घोडं अडलं ते अडलंच. दुकानदार म्हणायचा, "आली होती, गेली."

"कधी?"

"काल."

"काल मी आले होते तेव्हा तुम्ही उद्या म्हणाला होतात."

"मग आज कशाला आलात?" आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा.

पेट्या फुटायच्या दिवशी दुकानाच्या मागच्या दाराशी पिशव्या घेऊन बाप्ये उभे असत. "मुलासाठी घेतोय," असं त्यातला एक जण लाजून म्हणाला. मुलगा केवढा आहे असं बाईनं विचारलं, तर म्हणे बत्तीस वर्षांचा. एकदा तिनं लांबच्या कुणाकडून टपालानं गोगलगाय मागवली. पाकिटातून गोगलगायीचा फोटो निघाला. जाहिरातीत खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंच होतं की चित्र मिळेल. त्या दिवशी तिनं घरात जो तोंडाचा पट्टा सोडला, तो ऐकून नवरा जिन्यात जाऊन उभा राहिला.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. बोलणं कमी. फळीवर आठ खेळणी आणि नवव्याची मोकळी जागा, हे तो रोज जेवताना बघायचा. एकदा सहज म्हणाला, "तू एवढे दात करतेस. एक गोगलगाय करून टाक की."

"नकली? माझ्या घरात?" तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुढचा घास न चावताच गिळला.

पण सातव्या वर्षी तिनं केलीच. एका दुपारी काम नव्हतं, मेण हाताशी होतं. खोक्याच्या मागे नऊ जणांचं चित्र छापलेलं असतं, ते समोर ठेवून तिनं शंखाचं वेटोळं कोरलं, टपालाची पिशवी कोरली, पिशवीवर चित्रातल्यासारखी दोन बक्कलं कोरली. साचा घेतला, कवळीच्या हिरड्यांना वापरतात ते गुलाबी ॲक्रिलिक ओतलं, घासलं, रंगवलं. पोटाखालच्या बाजूकडे तिनं फारसं लक्ष दिलं नाही, ते कोण बघतंय? फळी भरलेली दिसावी, एवढाच उद्देश. नवऱ्यानं पाहिलं, मान डोलावली आणि जेवायला बसला.

ती गोष्ट तिथेच संपली असती तर बरं होतं. पण गावातल्या खेळणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं, बाईही त्यात होती, आणि त्याची बैठक महिन्याला एकेकाच्या घरी भरायची. मंडळाचा म्होरक्या म्हणजे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेला एक गृहस्थ. गळ्यात भिंग बांधून हिंडायचा, म्हणून त्याला सगळे भिंगकाका म्हणत. नाकानं कांदे सोलावेत तर त्यानं. खोक्याचा कोपरा अर्ध्या नखाएवढा दबलेला असला तरी तो तोंड असं करायचा, जणू कुणी त्याच्या पानात माती टाकली. आयुष्यात त्यानं एक खेळणं स्वतःच्या हातानं बनवलं नव्हतं, की त्याच्याशी खेळला नव्हता. उंटावरच्या शहाण्याला उंट लागतो, याचं भिंगावर भागत होतं.

बैठक बाईच्या घरी आली. भिंगकाका फळीपाशी गेला, थांबला, भिंग लावलं. दोन्ही बक्कलं मोजली. मग वळून सगळ्यांना म्हणाला, "अस्सल. पहिल्या खेपेतली. मी आजवर प्रत्यक्ष पाहिली नव्हती."

बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. पण ज्या लोकांनी सात वर्षांत तिला कधी खुर्ची दिली नव्हती, ते उठून उभे राहिले. बत्तीस वर्षांच्या मुलाचा बाप तर म्हणाला, "ताई, तुम्ही धन्य आहात." तिनं ट्रे खाली ठेवला आणि मूग गिळले. आधी मनात म्हणाली, यांची चांगली फजिती होतेय, होऊ दे, पुढच्या महिन्यात सांगू. पुढच्या महिन्यात भिंगकाकानं तिच्या गोगलगायीचा मोठा फोटो काढून आपल्या दिवाणखान्याच्या भिंतीवर लावला. खाली लिहिलं, 'अस्सल गोगलगाय अशी ओळखा: पिशवीला दोन बक्कलं.' मग सांगायचं ते राहूनच गेलं.

खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. लोक तिच्याकडे खेळणी दाखवायला आणू लागले. ती नुसतं "हं" म्हणाली तरी माणसाचा चेहरा पडे. दाखवायचे दात एवढे छान बसले की आपले खरे कुठले याचा तिलाही विसर पडत चालला.

अशात एका बैठकीला एक म्हातारा आला. शाळेची बस चालवायचा, आता घरी असतो. भिंगकाकाच्या दिवाणखान्यात तो चपला बाहेर काढून, उगाच अंग चोरून बसला. खिशातून रुमाल काढला, रुमालातून गोगलगाय. रंग जागोजागी उडालेला, एक शिंग वाकलेलं. खेळलेलं खेळणं होतं ते.

"नातीसाठी घेतली होती," तो म्हणाला. "दुकानासमोर सात तास रांगेत होतो. घरी म्हणतात, दुकानदारानं मला शेंडी लावली, ही खोटी आहे. नात आता मोठी झाली, तीही हसते. म्हटलं, जाणत्या माणसांना विचारावं. विकायची नाही मला. नुसतं कळलं म्हणजे झालं."

भिंगकाकानं भिंग लावलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. "पिशवीला एकच बक्कल," तो म्हणाला आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "नकली. तेही फार ढोबळ." मंडळी हसली. बत्तीस वर्षांच्या मुलाचा बाप म्हणाला, "सात तास उभं राहून निदान बेडूक तरी घ्यायचा."

गोगलगाय हातोहात फिरत बाईपाशी आली. तिनं सवयीनं उलटी केली आणि तळावरून बोट फिरवलं. तिच्या आठही खेळण्यांच्या तळाशी सांध्याच्या टोकाला एक बारीक तिरकी खूण आहे. ज्या कारागिरानं ती घासली, त्याला शेवटी पातं वर उचलायची खोड होती. तोच हात इथे होता. डोळ्यांचा पांढरा रंग आधी आणि काळा ठिपका ब्रश दोनदा टेकवून, तोही तसाच. ही खरी होती. कंपनीनं चित्र छापल्यावर मागाहून एक बक्कल कमी केलं असणार, पैसा वाचवायला. एवढंच झालं होतं. जगात एक खरी गोगलगाय तिच्या तळहातावर बसली होती आणि तिनं स्वतः केलेली खोटी गोगलगाय भिंतीवरून तिला नकली ठरवत होती.

म्हातारा तिच्याकडेच बघत होता. "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला तिची खुर्ची होती, भिंतीवरचा फोटो होता आणि "ताई, तुम्ही धन्य आहात" होतं. शिवाय ही खरी आहे असं कळलं की म्हातारा ती पुन्हा रुमालात बांधून घरी नेणार, आणि आठ वर्षं शोधलेली वस्तू तिच्या डोळ्यांदेखत दाराबाहेर जाणार. हा विचारही तिनं केला. तो केला नाही असं म्हणायला मी तिची वकील नाही.

"काका म्हणतात तसंच असेल," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मांडीवरचा रुमाल सरळ केला. मग म्हणाला, "म्हणजे घरचे बरोबर होते." उठला, चपला घातल्या. रुमाल घडी करून खिशात ठेवला, पण गोगलगाय घेतली नाही. बाई मागोमाग जिन्यापर्यंत गेली, तेव्हा तो म्हणाला, "राहू दे तुमच्याकडे. घरी नेली की पुन्हा हसतील. एखाद्या लहान मुलाला द्या." आणि दोन पायऱ्या उतरून परत म्हणाला, "तुम्ही एकट्या हसला नाहीत. बरं वाटलं."

ज्या बाईनं आठ वर्षं सगळ्या जगाला भामटे म्हटलं, ती गोगलगाय मुठीत दाबून भर दुपारी रस्त्यानं घरी आली.

घरी आल्यावर फळीसमोर उभी राहिली. संच पुरा झाला होता. पण खरी फळीवर ठेवायची तर मंडळातला कुणीही येऊन ती नकली म्हणणार, आणि ते नको असेल तर नकलीच फळीवर ठेवायला हवी. तिनं खरी गोगलगाय दातांच्या रंगांचे नमुने असतात त्या खणात, अगदी मागे सारली. खण लावताना तिला रडू फुटलं. नवरा नेमका तेव्हाच आत आला. त्यानं तिला याआधी रडताना पाहिलं नव्हतं, फक्त ओरडताना पाहिलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही. गोगलगाय नाही मिळाली."

तिला वाटलं, एवढ्यावर तो जिन्यात जाऊन उभा राहील. तो शेजारी बसला. "आपली ती खोटी, म्हणून वाईट वाटतं ना?" म्हणाला. "मिळेल गं."

तेव्हापासून हा अबोल माणूस सुट्टीच्या दिवशी खेळण्यांची दुकानं पालथी घालतो. ज्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला जातो, तिथल्या लोकांना विचारतो, तुमच्या मुलांकडे जुनी गोगलगाय आहे का, सिनेमातली. लोक हसतात. त्याला हसलेलं चालतं. खिशात एक चिठ्ठी ठेवतो, कुठे कुठे विचारून झालं त्याची. बायको नको म्हणते, पण का नको ते सांगत नाही, त्यामुळे तिला फक्त संकोच वाटतोय असं त्याला वाटतं.

परवा तो उशिरा घरी आला. हातपाय धुऊन जेवायला बसला. "आज जवळजवळ पत्ता लागला होता," म्हणाला. "एका बस चालवणाऱ्या म्हाताऱ्याकडे होती म्हणे. सात तास रांगेत उभं राहून घेतलेली. पण ती बिचाऱ्याची खोटी निघाली. एवढी हौस, आणि शेवटी फसवलंच त्याला कुणीतरी."

"हो," बाई म्हणाली, आणि त्याला भात वाढला.