उन्हात ठेवलेला पेन ड्राइव्ह

एम.फिल.चा माझा अख्खा प्रबंध एका पेन ड्राइव्हमध्ये होता आणि तो आमच्या शेळीनं पाण्यात पाडला. दुसरी प्रत नव्हती. औंढ्याच्या कॅफेत लाईट असेल तेवढा वेळ टाईप करायचं आणि पेन ड्राइव्ह दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचा, एवढीच माझी शिस्त. त्या शुक्रवारी शेळ्यांना पाणी पाजायला वाकले, एकीनं दोरा तोंडात धरून हिसका दिला आणि माझी दोन वर्षं बादलीत बुडाली.

ओढणीनं पुसून तशीच कॅफेत पळाले. पुढून लावला, मागून लावला, शेजारच्या कॉम्प्युटरला लावला. दिवा काही लागेना. कॅफेवाला हसत म्हणाला, "मर गया मॅडम, फेंक दो." मी त्याच्या हातातून तो हिसकावूनच घेतला.

प्रबंध सोमवारी द्यायचा होता. यंदा दिला नाही तर शिक्षण बंद आणि लग्न, असं काकांनी आधीच बजावलेलं. पेन ड्राइव्ह गेल्याची खबर लागताच त्यांनी सोमवारचेच पाहुणे बोलावले. एवढी तत्परता त्यांनी माझ्या फीच्या वेळी कधी दाखवली नव्हती!

आमच्याकडे बॅटरीचे सेल उतरले की उन्हात ठेवतात, मग बॅटरी आणखी चार दिवस चालते. अंगणात बाजेवर कुरडया वाळत होत्या. त्यांच्या कडेला सेल मांडलेले होते, त्याच रांगेत मायनं पेन ड्राइव्ह ठेवला.

"माय, सेल न्हाई तो!" मी ओरडले.

"नसू दे. काहून वरडून राहिलीस? ऊन काय त्याला खातंय?"

मी तिला तोंडावर अडाणी म्हणाले. त्याची मला आजही लाज वाटते.

दोन दिवस तिनं त्याच्याजवळ कोंबडीही फिरकू दिली नाही. रविवारी दुपारी, काहीच हाती नव्हतं म्हणून, मी तो पुन्हा कॅफेत नेला. लावला. लाल दिवा लागला. फाईल उघडली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मी तिथंच रडले.

"पानी सूख गया होगा," कॅफेवाला म्हणाला.

"सुकलं न्हाई, सुकवलं. माझ्या मायनं," मी म्हणाले आणि प्रिंट काढायला लावल्या.

सोमवारी पाहुणे आले तेव्हा मी पहिल्या गाडीनं विद्यापीठाकडे निघून गेले होते. पुढचं मला शेजारणीनं सांगितलं. काका दारात तणतणत होते. पाहुण्यांनी मुलीला बोलवा म्हटलं, तेव्हा चहाचे कप पुढं करत माय म्हणाली, "तिला टाईम न्हाई."