ओट्यावरचा डबा

डबाकाकूने डबा हलवला की आमच्या गल्लीतल्या अतिशहाण्या पोरींचीही बोलती बंद व्हायची. भुलाबाईच्या महिन्यात आम्ही मुली रोज संध्याकाळी घरोघरी गाणी म्हणत फिरायचो. गाणी झाली की घरची बाई झाकण लावलेला डबा आमच्यापुढे हलवायची आणि आतला खाऊ आम्ही आवाजावरून ओळखायचा, अशी रीत. पिंपळगाव राजातल्या इतर घरांत हे काम सोपं होतं. सरसर वाजलं की मुरमुरे, खुळखुळ वाजलं की फुटाणे, धपधप वाजलं की लाडू. डबाकाकूकडे मात्र महिनाभर रोज नवा खाऊ आणि महिनाभर रोज आमची हार. "हारलो म्हना," असं ती शांतपणे सांगायची आणि आम्ही एका सुरात तसं म्हटल्याशिवाय झाकणाला हात लावायची नाही.

तिला खरं नाव होतं, पण ते बहुधा रेशन दुकानापुरतंच वापरात असावं. अंगाने उंच, आवाजाने खणखणीत आणि स्वतःच्या डोक्यावर पूर्ण भरवसा असलेली बाई. सकाळचा चहा झाला की ती एक पितळी डबा घासून पुसून, झाकण काढून, रिकामाच दारापुढच्या ओट्यावर ठेवायची. दिवसभर तो तिथे आ वासून बसलेला असायचा. एकदा मी विचारलं, आज काय करायचं ते ठरलं का? माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "ठरलं असतं त डबा काऊन उघडा ठेवला असता? तो रिकामा दिसला का जिवाले चैन पडत नाही. मंग दिसते काहीतरी."

आणि तिला दिसायचंच. काल उरलेली भाकरी वाळवून, तळून, गुळात घोळून डब्यात यायची. कुरडयांचा तळाशी उरलेला चुरा यायचा. चिंचेच्या गोळ्या धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि सोबत चार तुरीचे दाणे टाकायची, म्हणजे आम्ही फुटाणे फुटाणे म्हणून ओरडायचो. ही लबाडी आहे म्हणून आम्ही भांडलो, तर तिने विचारलं की डब्यात फक्त खाऊच ठेवावा असं तुम्हाला कोणी सांगितलं. चिंच मात्र आम्ही बोटं चाटूनपुसून खाल्ली.

एका वर्षी तिचीच फजिती झाली. कोजागिरी, म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस, आज पोरींना कायमचं गार करायचं म्हणून तिने खामगावहून काहीतरी भारी मिठाई आणायला काकांना धाडलं. काका म्हणजे तिचा नवरा, शेतकरी, दिवसाकाठी दहा शब्द बोलणारा भला माणूस. ते एस.टी.तून उतरले ते छातीशी नाव छापलेला मिठाईचा खोका धरून, आणि स्टँडपासून घरापर्यंत प्रत्येक ओट्यावर थांबून रामराम करत आले. संध्याकाळी डबाकाकूने डबा उचलायच्या आधीच सगळ्यांत लहान पोरीने म्हैसूरपाक म्हणून सांगून टाकलं. त्या दिवशी काकू स्वतः हसून "हारले" म्हणाली. नंतर कधीही तिने बाहेरून काही आणलं नाही. "बाहेरून आनलेलं सगळ्यायले दिसते. घरातलं कोनाले दिसत नाही, आपल्यालेबी नाही. म्हनून ते शोधा लागते," असं ती पुढे कितीतरी वेळा म्हणायची.

भुलाबाईचा महिना ही तिची परीक्षा असेल, तर अभ्यास वर्षभर काकांवर चालायचा. त्यांच्या शिदोरीत रोज एक पदार्थ असा असायचा की फडकं सोडण्याआधी त्यांनी तो ओळखायचा. काका बांधावर बसून गाठोडं हातात तोलायचे, नाकाशी धरायचे, मग सोडायचे. संध्याकाळी घरी आले की बैल बांधता बांधता बरोबर की चूक ते सांगायचे. त्यांच्या दहा शब्दांतले बरेचसे यातच खर्च होत असावेत. रोज एवढं कसं सुचतं, या प्रश्नाला तिचं उत्तर ठरलेलं होतं: कालचंच करायचं, फक्त एक गोष्ट बदलायची. आणि सुचलेल्यातली एक युक्ती उद्यासाठी राखून ठेवायची.

आज मी पुण्यात एका वर्तमानपत्रासाठी मुलांचं रोजचं चित्रकोडं काढते. माझ्या ओळखीत सुचण्यासाठी डोंगरावर जाऊन राहणारी मंडळी आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण माझं कोडं उद्या सकाळी छापून यायचं असतं, त्यामुळे डोंगर मला परवडत नाही. सकाळी कोरा कागद टेबलावर उघडा ठेवायचा आणि मग बाकीची कामं करायची, ही माझी पद्धत कुठून आली हे आता सांगायला नको.

काका गेले ते उन्हाळ्यात. पुढच्या भुलाबाईला मी गावी गेले, तेव्हा आई म्हणाली की काकूने डबा फळीवर उपडा घालून ठेवलाय, गल्लीतल्या मुलींना यंदा येऊ नका म्हणून सांगितलंय. मी भेटायला गेले. ओटा स्वच्छ, लख्ख आणि रिकामा होता. "वळखनारंच गेलं बाई. आता कोनासाठी करू?" ती म्हणाली. तिला रडताना पाहिलं असतं तर मी सावरले असते. तिच्या आवाजातला खणखणाट गेलेला ऐकून मला भीती वाटली. ही बाई थांबली तर पुन्हा उठायची नाही, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी आईचा स्टीलचा डबा घेऊन तिच्यापुढे बसले आणि तो हलवला. आवाज आला नाही, फडकं मीही गुंडाळलं होतं. तिने तो माझ्या हातून घेतला, हलवला मात्र नाही. काका तोलायचे तसा हातात तोलला, झाकणाशी नाक नेलं.

"भोपळ्याच्या बिया. गुळात."

बरोबर होतं. तिने एक बी तोंडात टाकली आणि म्हणाली, "पाक कडक झाला. फडक्याले साबनाचा वास येऊन राह्यला. असा लावतेत का वं डबा?"

मग तुम्ही लावा, ओळखायला मी आहे, मी म्हटलं. तू तर परवा पुण्याला जाशील, ती म्हणाली. फोन आहे ना, मी म्हटलं. ती उठून भांडी आवरायला लागली. आपलं जमलं नाही असं समजून मी घरी आले.

सकाळी दूध आणायला तिच्या दारावरून गेले. ओट्यावर पितळी डबा होता. घासलेला, उघडा, रिकामा.

तेव्हापासून दुपारी एकला माझा फोन वाजतो. पलीकडून 'हॅलो' येत नाही, डब्याचा आवाज येतो. कचेरीतली माणसं मान वर करून बघतात आणि मी सगळ्यांदेखत "हारले" म्हणते, कारण त्याशिवाय झाकण उघडत नाही. आतलं काय ते सांगून झालं की खणखणीत आवाजात तिचा प्रश्न येतो, "आता तुह्या डब्यात काय हाय ते दाखव." मग मी कॅमेरा सुरू करून कोडं दाखवते आणि ती बहुतेक वेळा चित्र पुरतं दिसायच्या आत ओळखते.

आता बारा वाजत आलेत. माझा कागद अजून रिकामा आहे, आणि मला चैन पडत नाहीये.