गूळतुलेचं पारडं

साहेब पारड्यातून उतरले आणि वहिनीसाहेबांनी माईकवरून माझं नाव घेतलं.

दसऱ्याचे दिवस होते. साहेबांचा, म्हणजे आमच्या भागाच्या पुढाऱ्याचा, वाढदिवस. गेवराईजवळच्या त्यांच्या मळ्यात मांडव घातलेला. मधोमध लोखंडी चौकट, तिला साखळ्यांनी टांगलेली दोन पारडी, वर झेंडूच्या माळा. एका पारड्यात साहेब बसले होते आणि दुसऱ्यात कार्यकर्ते गुळाच्या ढेपा रचत होते. ढेप चढली की टाळ्या. साहेबांचं पारडं काही केल्या उठेना, तसा मांडव जास्तच खूश. साहेब घामाने भिजले होते, पोट मांडीवर आलं होतं, पण त्यांना कुणी म्हणालं नाही की साहेब, जरा कमी करा. उलट, मागच्या वर्षापेक्षा दोन ढेपा जास्त लागल्या म्हणून फटाके लावले.

मग माझं नाव.

वहिनीसाहेब म्हणजे साहेबांच्या सूनबाई. गेवराईत त्यांचं वजन कमी करायचं सेंटर आहे. मी तिथे काउंटरला होते. आलेल्या बायकांना काट्यावर उभं करायचं, पावडर पाण्यात कालवून द्यायची, कुणाचं किलोभर उतरलं की सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवायच्या. शिरूर कासारच्या ऊसतोड्याची बारावी झालेली पोरगी, पंख्याखाली खुर्चीवर बसून काम करते. आमच्या घराण्यात खुर्ची मिळालेली मी पहिलीच.

"आमच्या सेंटरचीच पोरगी बघा," वहिनीसाहेब माईकवर म्हणाल्या. "दिव्याखाली अंधार! ये गं, बस पारड्यात."

मी बसले.

कुणी हात धरून बसवलं नाही. बस म्हणाल्या, बसले. हे मला अजून छळतं. साहेबांचा गूळ समोरच्या पारड्यात तसाच होता, त्यामुळे मी वर लटकत राहिले, पाय अधांतरी, ओढणी सावरत. मग कार्यकर्ते एकेक ढेप काढायला लागले. चार ढेपा काढल्या आणि मी खाली आले. मांडव हसला. मागून एक जण ओरडला, "आडसाली ऊस हाय बे, आडसाली!" अठरा महिने रानात उभा राहून पोसलेला जाडजूड ऊस, त्याला आमच्याकडे आडसाली म्हणतात. मग तर हसू थांबेचना.

साहेबांपेक्षा मी चार ढेपांनी हलकी होते. तरी टाळ्या त्यांना आणि हसू मला.

माझं वजन तेव्हा एकाहत्तर. वहिनीसाहेबांनी माईक तोंडाजवळ घेतला. "पुढच्या वाढदिवसाला हिला अठ्ठेचाळीसवर आणून दाखवते. माझं आहे तेवढंच. हा माझा शब्द." आता खऱ्या टाळ्या पडल्या. मग तोच गूळ फोडून वाटला. माझा हात पुढे गेला तशी वहिनीसाहेबांनी थाळी मागे घेतली. "तुला नको."

त्या मांडवात मागे बायकांमध्ये माझी माय उभी होती. माय-आबांची टोळी चार दिवसांनी ऊसतोडीला निघणार होती, म्हणून साहेबांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. माय हसत होती. हसत म्हणजे, आनंदाने. मला बाहेर गाठून तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, "साहेबाच्या पारड्यात बसवलं गं तुला! एवढ्या लोकांत!"

तिला वाटलं मान केला. तुलेत बसवतात ते मोठ्या माणसाला, एवढंच तिला ठाऊक. मी काय सांगणार होते?

टोळी गेली. जाताना मायने माझ्या खोलीवर बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाचे लाडू ठेवले. मी सेंटरच्या पावडरीवर राहायला लागले. सकाळी ग्लासभर, दुपारी काकडी, संध्याकाळी पुन्हा ग्लासभर. खुर्ची टिकवायची होती. वहिनीसाहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, "काउंटरवर तूच अशी दिसलीस तर बायका कशाला येतील? अठ्ठेचाळीस झालं नाही तर दुसरी पोरगी बघावी लागेल." दर सोमवारी त्या मला काट्यावर उभं करायच्या. आकडा खाली आला की गालाला हात लावायच्या. आला नाही की दिवसभर बोलायच्या नाहीत.

कधी न राहवून अर्धी भाकरी थापायचे आणि तव्यासमोर उभ्याउभ्याच खायचे, दार लावून. खाताना छातीत धडधडायचं, चोरी केल्यासारखं. वहिनीसाहेबांनी एवढ्या लोकांत शब्द दिला आणि मी इथे भाकरी खातेय. मग दुसऱ्या दिवशी काकडीसुद्धा नाही. उसाच्या फडातून मायचा फोन यायचा.

"जेवलीस का?"

"जेवले."

रोज हेच. लाडवांना मुंग्या लागल्या. मी डबा तसाच रस्त्याकडेला उपडा केला आणि परत येऊन दारामागे बसले. रडू पण येईना. मायने तीळ भाजताना हात पोळून घेतला होता, मी पाहिला होता तो डाग. खाल्लं तर वहिनीसाहेबांची चोर, नाही खाल्लं तर मायची. माझ्या पोटात दोघींचा हिशेब बसेना.

केस गळायला लागले. पाळी थांबली. लाजत लाजत वहिनीसाहेबांना सांगितलं तर म्हणाल्या, "बरंच झालं की, कटकट गेली." मीही मान हलवली. खरंच, बरंच झालं असेल, असं वाटलं. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

संक्रांतीच्या आधी फोन आला. आबांच्या, माझ्या बापाच्या, हाताला कोयता लागला होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एक बसला की दुसऱ्याने दोघांचं ओढायचं. मी सुट्टी मागून फडावर गेले. लहानपणी शाळा बुडवून हेच तर केलं होतं. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. सोळाव्या वर्षी मी मायच्या बरोबरीने चढत होते. टोळीतल्या बायका म्हणायच्या, हिचे खांदे मायचे, कंबर आज्जीची.

मायने मला पाहिलं आणि हातातला कोयता खाली ठेवला.

"कावून गं वाळलीस एवढी?"

"काही नाही, काम असतं."

मी तोडायला लागले. मोळी बांधली, दोघींनी मिळून माझ्या डोक्यावर चढवली. फळीपर्यंत गेले. दोन पावलं वर टाकली. डोळ्यांपुढे काळं. मोळीसकट खाली आले, उसाच्या कांड्या चहूकडे पांगल्या. मुकादम ट्रकवाल्याला म्हणाला, "ही काय कामाची बे? काडी झाली हाय नुसती."

साहेबांच्या मांडवात मी आडसाली ऊस होते. तीन महिन्यांत काडी झाले. दोन्ही वेळा माप घेणारा माणूस उभा होता, मी खाली होते.

मायने कांड्या गोळा केल्या. पुन्हा बांधल्या. आधी माझी मोळी वर नेली, मग तिची. मी बांधावर बसून बघत होते. तिच्या मानेच्या शिरा ताणलेल्या, पाय फळीवर थरथरत होते. बापाचं ओझं तिच्यावर आलंच होतं, त्यात आता माझं. मी मदतीला आले होते. शरम म्हणजे काय ते मला तिथे कळलं. मांडवात वाटली होती ती काहीच नव्हती.

संध्याकाळी कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, शेजारच्या बायका आल्या. माय त्यांना पुन्हा सांगत होती, "माझी लेक साहेबाच्या पारड्यात बसली होती. इच्यारा तिला." तिने हे सगळ्या फडाला सांगितलं होतं. त्या गेल्यावर तिने माझ्यापुढे भाकरी ठेवली. मी कडेचा तुकडा मोडला आणि ताट सरकवलं.

"माझ्या हातचं गोड लागत न्हाई का आता?"

तेव्हा मी बोलले. सगळं. पारड्यात मान नव्हता, थट्टा होती. लोक का हसत होते. लाडवांचं काय केलं. अठ्ठेचाळीसचं काय ठरलंय. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, ते तसेच राहिले. मायने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. "म्हंजे माझ्या डोक्यावरल्या मोळीएवढी?"

मी मान हलवली.

"लेकराला मोळीएवढं करतेत व्हय कुणी?" मग आवाज बारीक झाला. "आन् मी हसत हुते तिथं. मी बी हसले."

तिने हसण्याबद्दल अपराधी वाटून घ्यावं, हे मला सोसलं नाही. पण मी ते थांबवूही शकले नाही. तिने मला शपथ घातली, दवाखान्यात जायची.

गेवराईच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं, पापणी ओढून पाहिली. मला भिंतीला टेकवून उंची घेतली. पाच फूट सात इंच. मनगट हातात घेऊन फिरवलं. घरात बायका कशा अंगाच्या आहेत, पाळी कधीपासून नाही, काय काम करत होतीस, सगळं विचारलं.

"अठ्ठेचाळीस कुणी सांगितलं?"

"वहिनीसाहेबांनी. त्यांचं तेवढंच आहे."

"त्यांची उंची किती?"

"उंच आहेत."

मॅडम म्हणाल्या, "हे बघ, वजनाचा एकच आकडा नसतो. उंचीप्रमाणे खालची एक हद्द असते, वरची एक असते. तुझी हाडं रुंद आहेत, खांदे रुंद आहेत. तू वरच्या हद्दीजवळ राहिलीस तर बिघडत नाही. एकाहत्तरवरून थोडं उतरवायला हरकत नव्हती. पण सावकाश, पोटभर जेवून. आता चोपन्न आहेस आणि रक्त नाही अंगात. आधी पाळी येऊ दे. जिना चढून दम लागू नये, रात्री झोप लागावी. ज्या वजनावर हे जमेल ते तुझं वजन." गोळ्या लिहून दिल्या आणि महिन्याने यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सेंटरवर गेले. काट्याच्या मागे भिंतीवर उंचीची पट्टी चिकटवलेली आहे. आम्ही ती कधी वापरलीच नाही, वजनाचेच पैसे मिळायचे. वहिनीसाहेब फोनवर बोलत बोलत चपला काढून त्या भिंतीला टेकल्या. डोकं पाच फुटांवर आलं. पाच फूट, वर केसांचा अंबाडा.

मी उठून उभी राहिले. जवळ गेले. त्या माझ्या हनुवटीला लागत होत्या.

दोन वर्षं मी त्यांच्याकडे काम केलं. त्या खुर्चीवर तर मी खाली, त्या पायरीवर तर मी अंगणात. समोर उभं राहायची वेळ आली तर मान खाली. माझ्यापेक्षा एवढी बुटकी बाई मला उंच दिसत होती. डॉक्टर मॅडमना मी छातीठोक सांगितलं, उंच आहेत! त्यांचा एकटीचा काय दोष? मीच माझी मान इतकी वाकवली की मला माझी उंचीच माहीत नव्हती. आणि त्याच मानेने मी आलेल्या प्रत्येक बाईला सांगत होते, ताई, अजून उतरवा.

मी जेवायला लागले. सोपं गेलं नाही. पहिली अख्खी भाकरी खाल्ली त्या दिवशी अपराध्यासारखी अंथरुणात पडून राहिले. सोमवारी आकडा वर गेला की वहिनीसाहेब दात ओठ खायच्या. दुसरी पोरगी बघतेय म्हणायच्या. मी म्हणाले, बघा. उन्हाळ्यात पाळी आली. पाऊस लागेपर्यंत जिना चढून दम लागेनासा झाला. पोळ्याला काट्यावर चौसष्ट दिसले, डॉक्टर मॅडमनी सांगितलेल्या हद्दींच्या आत. मी ठरवलं, हेच.

पुन्हा दसरा. पुन्हा मांडव, चौकट, झेंडू, गूळ. साहेब आणखी जड. मागे बायकांत माय उभी होती. या वेळी हसत नव्हती.

"ये गं," वहिनीसाहेब माईकवर म्हणाल्या. "बस."

मी पुढे गेले, पारड्याला हात लावला नाही. त्यांच्या अगदी समोर उभी राहिले, मान वर. त्यांना माझ्या तोंडाकडे बघायला वर बघावं लागलं.

"मी बसणार नाही."

त्यांनी माईक खाली घेतला. "मी शब्द दिलाय लोकांना."

"शब्द तुमचा होता. अंग माझं आहे."

"उद्यापासून येऊ नकोस."

"बरं."

पारडं रिकामंच हलत राहिलं. कुणी हसलं नाही, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. जाताना थाळीतला गुळाचा खडा मी माझ्या हाताने उचलला आणि त्यांच्यासमोर तोंडात टाकला. गोड लागला असं सांगणं खोटं होईल. खाताना तेव्हाही छातीत धडधडलं.

आता मी बसस्टँडजवळ औषधाच्या दुकानात उभ्याने काम करते. खुर्ची नाही. घास उचलताना हात अजून थबकतो, तरी मी उचलते. मायचा फोन आला की जेवले म्हणते, आणि जेवलेली असते.

माय यंदाही तोडीला गेली. मी ट्रकपर्यंत तिच्याबरोबर गेले, तिने चढताना माझा खांदा धरला, आणि मला माझे सगळे उपास आठवले. अठ्ठेचाळीस किलो उतरवायचेच आहेत मला. पण माझ्या अंगावरचे नाहीत. मायच्या डोक्यावरचे. त्यासाठी मला हे खांदे लागणार आहेत. ते मी आता कुणासाठीही बारीक करणार नाही.